घाबरल्यावर सापडलं पाहिजे

सुरेखा बोऱ्हाडे कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते मागून उघडायची. पाककृतींचं असो की मशीनचं मॅन्युअल, आधी शेवटची सूची बघणार. सूची नसली तर पुस्तक खाली ठेवून म्हणायची, "लिहिणाऱ्याला वाटतंय, आपण सगळे निवांत बसून वाचणार आहोत." तिच्या लेखी पुस्तक वाचायला नसतं, शोधायला असतं.

चाकणला गाड्यांचे ब्रेक पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी बरीच वर्षं होतो. मी खरेदी विभागात, ती क्वालिटीत. मी माल आणायची आणि ती तो नापास करायची, त्यामुळे आमची ओळख भांडणातूनच झाली. भांडण संपलं की ती माझ्या टेबलावरची बडीशेप उचलायची आणि म्हणायची, "तुझा सप्लायर चांगला आहे गं वैशाली, फक्त त्याला पाइप करता येत नाही."

अंगापिंडानं ती भक्कम. साडी असो की ड्रेस, पायात कायम सेफ्टी शूज. आवाज शॉप फ्लोअरवर तयार झालेला. ती कानात काही सांगायला लागली की पॅकिंग लाइनवरची माणसं वर बघायची. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली ती सून. शेतं गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या, पण घरात विळे, कोयते आणि सासूबाई जशाच्या तशा होत्या. ऑफिसात सुरेखा स्वच्छ पुणेरी बोलायची. चिडली की मात्र "न्हाई" बाहेर पडायचं. ते ऐकलं की सप्लायर मुकाट्यानं माल परत टेम्पोत भरायला लागत.

तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. तिला क्वालिटीच्या हेडची खुर्ची हवी होती. काम सगळं तीच करायची. कस्टमर तिच्याशीच बोलायचे. तरी खुर्ची रिकामी झाली की बाहेरून कुणीतरी यायचा आणि पहिला महिनाभर सुरेखाच त्याला सगळं शिकवायची. कुठल्या कस्टमरचा पारा कधी चढतो तेही. प्लांटचे साहेब म्हणायचे, "मॅडम, खरं तर हेड तुम्हीच आहात. पण कस्टमरला सर्टिफिकेट लागतं ना."

ते सर्टिफिकेट म्हणजे परदेशातल्या एका संस्थेची क्वालिटी इंजिनिअरची परीक्षा. ती पुस्तकं उघडी ठेवून द्यायची असते. आपली पुस्तकं, आपल्या नोट्स खुशाल घेऊन जा. अट एवढीच, की सगळं बांधलेलं पाहिजे. सुटा कागद एकही चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मग राहिलं काय? सुरेखालाही एकदा तसंच वाटलं होतं. ती त्या परीक्षेत नापास झालेली होती आणि ही गोष्ट ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर, तोंडात घास असताना सांगायची.

"चाकाची बॅग नेली होती मी. काशीला निघाल्यासारखी. होती तेवढी पुस्तकं भरली. पहिला प्रश्न आला, एक पुस्तक काढलं. त्यात न्हाई. दुसरं काढलं. त्यात होतं, पण कुठं होतं ते देवाला माहीत. वेळ संपला तेव्हा मांडीवर पुस्तक, पायाशी पुस्तक, आणि स्क्रीनवर निम्मे प्रश्न जसेच्या तसे. पुस्तक उघडं असलं की माणूस अभ्यास करत न्हाई, हे मला तिथं कळलं."

या नापास होण्यातून तिची शिकवणी सुरू झाली. ही परीक्षा द्यायची असलेले लोक पहिली शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये थांबायचे. ताटं धुण्याचा आवाज चालू असायचा, टेबलांवर फडकं फिरत असायचं आणि सुरेखा उभी राहून शिकवायची. ती जेवायचीसुद्धा उभ्यानंच. मी परीक्षा देणारी नव्हते, पण माझी बस उशिरा असायची म्हणून शेजारच्या टेबलावर चहा घेत बसायची. खरं सांगायचं तर करमणूकही भरपूर व्हायची.

लातूरकडचा नितीन म्हणून एक इंजिनिअर होता. अक्षर मोत्यासारखं. त्यानं चार रंगांच्या शाईत जाडजूड वही तयार करून आणली. अर्ध्या पुस्तकाची नक्कल होती ती. "मॅडम, लिहून लिहून हात दुखायलाय," असं म्हणत त्यानं ती मोठ्या अभिमानानं पुढं ठेवली.

सुरेखानं वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, "एकच पाइप, मापाचं गेजही एकच, तीन माणसांनी मोजलं. तिघांची मापं वेगळी आली. चूक गेजची की माणसांची? हे कसं ठरवायचं त्याचं पान काढ."

नितीन पानं उलटायला लागला. आधी भराभर, मग हळूहळू. त्याच्या चहावर साय धरली.

"सापडलं?"

"आहे मॅडम. इथंच कुठंतरी लिहिलंय."

"इथंच कुठंतरी म्हणजे चाकणमध्येच कुठंतरी. मला पत्ता पाहिजे." मग वही मिटून त्याच्या हातात देत म्हणाली, "छान आहे. बहिणीच्या लग्नात रुखवतात मांड."

सगळे हसले. नितीनही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल करून.

"आता सांग," ती म्हणाली, "घाबरल्यावर तू या गोष्टीला काय म्हणतोस?"

"घाबरल्यावर मी 'आई' म्हणतो, मॅडम."

कॅन्टीनवालासुद्धा हसायला लागला. सुरेखा हसली नाही. "मग 'आ'खाली 'आई' लिही आणि पुढं पान नंबर टाक. पण लाइनवर हाच प्रकार झाला तर सुपरवायझरला ओरडून काय सांगतोस?"

नितीन जरा विचारात पडला. "गेज खोटं बोलायलंय, असं सांगतो."

"हां! तेच लिही. 'ग'खाली."

ही तिची सगळी विद्या. पुस्तकात त्या गोष्टीला भलंमोठं इंग्रजी नाव होतं आणि नितीनला ते पाठही होतं. पण घड्याळ पळायला लागलं की ते नाव तोंडात येत नाही. तोंडात येतो तो आपला रोजचा शब्द. म्हणून सूची आपल्या शब्दांची करायची. 'मशीनला झेपतंय का', 'लॉट ठेवायचा की परत पाठवायचा', 'नेमकं कुणामुळं बिघडलं' असल्या मथळ्यांच्या त्या सूच्या कुणी बाहेरच्यानं बघितल्या असत्या तर त्याला ते घरगुती भांडणाचं टिपण वाटलं असतं. उत्तरं लिहायला ती मनाई करायची. उत्तर पुस्तकात आहेच, म्हणायची. तुम्ही फक्त तिथं जायचा रस्ता लिहा.

आणि रस्ता ज्याचा त्याचा. एकानं तिचीच सूची गुपचूप झेरॉक्स करून नेली. तिला कळलं तेव्हा ती रागावली नाही. "ने की," म्हणाली, "माझे बूट घालून तुला पळता आलं तर पळ." त्याला अर्थातच पळता आलं नाही.

ती गोड बोलायची नाही. पल्लवी नावाची नवी मुलगी होती, हुशार, पण प्रश्न विचारला की गोंधळायची. तिला सुरेखानं एकदा सगळ्यांसमोर इतकं घाईला आणलं, की ती रडत उठून गेली. मी बडीशेपेचा डबा पुढं करत म्हटलं, "जरा गोड बोललीस तर काय बिघडेल?"

"परीक्षेतलं घड्याळ गोड बोलतं का?"

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. सगळंच काही घड्याळाकडून शिकायचं नसतं. पण पल्लवी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली आणि पुढं पासही झाली, हेही खरं. नितीन पास झाला. आणखीही होत गेले. पेढे यायचे. सुरेखा पेढा तोंडात टाकून विचारायची, "किती वेळ उरला होता शेवटी?" मार्क किती, हे ती कधी विचारायची नाही.

ती स्वतः मात्र परत परीक्षेला बसत नव्हती. घरचं, कामाचं, लेकाच्या बारावीचं अशी कारणं सांगायची. एकदा मी सरळच विचारलं, तेव्हा तीही सरळ बोलली. "भीती वाटते गं. एकदा नापास झालं तर लोक विसरतात. शिकवणारीच दुसऱ्यांदा नापास झाली तर कॅन्टीनमध्ये कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मग एका वर्षी पावसाळ्यात हेड पुन्हा सोडून गेला. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, दिवाळीनंतर मोठ्या कस्टमरचं ऑडिट आहे, तोवर सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची. ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच फोनवरून परीक्षेचं नाव नोंदवून टाकलं. तारीख मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

या वेळी चाकाची बॅग नव्हती. तिनं एकच पुस्तक तयार केलं. वेगवेगळ्या पुस्तकांतली लागतील तेवढी पानं, स्वतःच्या नोट्स, तक्ते आणि शेवटी सूची, असं सगळं भोसरीतल्या एका बाइंडरकडून शिवून घेतलं. कडेला रंगीत टॅग चिकटवले. लाल म्हणजे तक्ते, पिवळे म्हणजे सूत्रं, असं काहीसं. घरी संध्याकाळी ती मोठ्यानं स्वतःलाच हाका मारल्यासारखी शब्द म्हणायची आणि पान उघडायची. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, समोर बसून तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या. आत्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण सून काहीतरी मोठं करते आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशीनांना झेंडूच्या माळा घालतात, गेजनाही हळदकुंकू लागतं. सुरेखा त्या गडबडीत होती. इकडं मोशीच्या घरी आत्यांनी पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड, नातवाचा लॅपटॉप अशी पूजा मांडली आणि मधोमध सुनेचं पुस्तक ठेवलं. सुरेखा घरी आली तेव्हा पुस्तक तपकिरी कव्हर घालून, वर कुंकवाचं स्वस्तिक काढून, झेंडूच्या फुलांत बुडवून पाटावर होतं. पूजेतलं हत्यार दसऱ्याला पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, अशी त्या घराची रीत. तिनं हात लावला नाही. एक दिवस डोळ्यांना विश्रांती, असं म्हणाली असणार.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी सोनं द्यायला म्हणून तिच्याकडं गेले. दारातच कळलं की काहीतरी बिनसलंय. सुरेखा पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. आत्या समोर जमिनीवर, पदर तोंडाला लावून. पुस्तकावर एकही टॅग नव्हता.

"पूजेत ठेवायचं, तर चिंध्या लोंबत्यात तसं कसं ठेवायचं?" आत्या मला सांगायला लागल्या. "येक येक करून काढल्या, बाई. डिंक ऱ्हायला व्हता तो खोबरेल लावून पुसला. मला काय ठावं त्यात तिचा जीव हाय म्हनून!" मग त्यांनी कोपऱ्यातलं सूप पुढं सरकवलं. त्यात लाल, पिवळे, हिरवे असे टॅगांचे वेगवेगळे ढीग निवडून ठेवलेले होते. "येक बी हरवली न्हाई. बघ."

मी व्यवहारी बाई आहे. मी खाली बसून टॅग उचलायला सुरुवात केली. म्हटलं, तू पान सांग, मी लावत जाते.

"ठेव ते," सुरेखा म्हणाली. "आता परत चिकटवत बसले तर उद्या पानं आठवायची न्हाईत, नुसते रंग आठवतील." मग पलंगावरून उतरून आत्यांच्या समोर मांडी घालून बसली. "आत्या, मी रोज काय बडबडत होते?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. ऐकलंय ना? म्हणा."

आत्यांनी पदर खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग शाळेतल्या मुलीसारखं म्हणाल्या, "गेज खोटं बोलतंय."

सुरेखानं पुस्तक मागून उघडलं, सूचीवरून बोट फिरवलं आणि पान काढलं. "पुढं."

"मशीनला झेपतंय का."

पान निघालं.

"लाट परत धाडायचा का."

लॉटचं पान निघायला वेळ लागला. सुरेखानं त्या पानाचा कोपरा मुडपला. "पुढं, आत्या, थांबू नका."

आत्यांना आता चेव आला. एकामागून एक शब्द यायला लागले आणि क्रमानं नाही, कसेही, परीक्षेत येतात तसेच. काही पानं चटकन निघाली, काही चुकली. चुकलं की आत्याच "च्यक" करायच्या आणि सुरेखा कोपरा मुडपायची. मधेच त्या म्हणाल्या, "दोन पाळ्यांचं भांडण."

"हे कुठलं? हे मी कधी म्हणाले?"

"म्हनायचीस की! पैल्या पाळीचा माल येगळा, दुसरीचा येगळा, खरं कुनाचं बघायचं."

सुरेखा हसायला लागली. मी तिला इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलेलं नव्हतं. तिनं सूचीत त्याला दुसरंच काहीतरी नाव दिलं होतं. तिनं पेन घेतलं, 'द'खाली लिहिलं, 'दोन पाळ्यांचं भांडण', आणि पुढं पान नंबर टाकला. मी सोनं आत्यांच्या हातात दिलं आणि निघाले. त्या दोघींना माझ्याकडं बघायला सवड नव्हती.

परीक्षेचं केंद्र हिंजवडीकडं होतं. तिथला प्रकार तिनंच सांगितला. दारावरच्या मुलानं पुस्तक उलटं धरून झटकलं आणि सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या.

"सुटं काही चालत नाही, मॅडम."

"बरोबर आहे," म्हणून तिनं स्वतःच पुस्तक आणखी दोनदा झटकलं आणि पाकळ्या रुमालात गोळा केल्या. मुलानं पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे काय लागलंय?"

"खोबरेल."

"का?"

"घरची पद्धत आहे."

त्यानं आत सोडलं. तेलानं कडा गुळगुळीत झाल्या होत्या, दोन-दोन पानं एकदम उलटत होती, म्हणून पहिले काही प्रश्न जड गेले. मग हात बसला. दुपारी माझ्या फोनवर तिचा एका शब्दाचा निरोप आला: "झालं." म्हणजे पेपर झाला की पास झाली, हे कळेना, म्हणून मी फोन लावला. "स्क्रीनवर पास आलंय," ती म्हणाली. "आणि वेळ उरला होता." ती घरी पोचली होती; मागून आत्यांचा आवाज येत होता, शेजारच्या कुणाला तरी त्या 'दोन पाळ्यांचं भांडण' समजावून सांगत होत्या.

साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. म्हणाले, ऑडिट होऊ द्या. ऑडिट झालं, तिच्याच जोरावर निर्वेध पार पडलं. मग म्हणाले, एप्रिलमध्ये बघू. आणि एप्रिल यायच्या आत कळलं की बाहेरून कुणीतरी येतोय.

साहेबांची केबिन काचेची होती, पण सुरेखाला काच कधीच पुरली नाही. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "साहेब, कस्टमरला सर्टिफिकेट लागत होतं, ते आणलं. आता तुम्हाला काय लागतं ते सांगा." साहेब काहीतरी हळू बोलले. मग ती म्हणाली, "न्हाई." त्या आठवड्यात तिनं राजीनामा दिला.

रस्त्याच्या पलीकडच्या कंपनीत ती क्वालिटीची हेड झाली. तिथं हेडला गाडी मिळते. काही महिन्यांनी आमच्यातल्या कुणीतरी बातमी आणली, की सुरेखा मॅडम गाडी नाकारून कामगारांच्या बसनं येतात. लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं साधेपणा, कुणी म्हणालं नाटक. ती साधीही नव्हती आणि नाटकीही नव्हती, त्यामुळे मला दोन्ही पटलं नाही.

मग एका संध्याकाळी चाकणच्या चौकात नेहमीसारखं सगळं अडकलं. कंटेनर, रिक्षा, कंपन्यांच्या बस, कुणालाच पुढं जायला जागा नाही. आमच्या बसला लागून त्यांची बस उभी राहिली, इतकी जवळ की हात लांब केला तर खिडकी लागावी. आतला दिवा लावलेला होता. सुरेखा मधल्या वाटेत, दांड्याला धरून, ड्रायव्हरकडं पाठ करून उभी होती. सीटांवरच्या माणसांच्या मांडीवर पुस्तकं होती. ती काहीतरी ओरडली आणि सगळ्यांनी एकदम पानं उलटायला सुरुवात केली. तिथं कॅन्टीनमध्ये थांबायला वेळ मिळत नसणार. शिफ्ट सुटली की बस सुटते. पण चाकणची बस कुठं लवकर घरी पोचते!

मी काच सरकवून हाक मारली. "सुरेखा!"

तिनं वळून बघितलं. ओळखलं, तोंडभर हसली आणि लगेच हाताचा पंजा माझ्याकडं करून उभा धरला. थांब. डोळे परत बसमधल्या कुणावर तरी. तिसऱ्या सीटवरचा एक टक्कल पडलेला माणूस घामाघूम होऊन सूचीवरून बोट फिरवत होता.

त्याला पान सापडलं की नाही, मला कळलं नाही. आमची रांग आधी सुटली. मागं वळून पाहिलं, तर तिचा पंजा अजून तसाच वर होता.